कोकेनच्या छायेतील फ्रॉइड

सिग्मंड फ्रॉइड हे नाव मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी भेटते. पांढरी दाढी, हातात सिगार आणि समोरच्याच्या मनाचा ठाव घेणारी करडी नजर, हे पाठ्यपुस्तकातले त्याचे छायाचित्रही ठरलेले. अबोध मन, स्वप्नांचा अर्थ, इडिपस गंड यांवर परीक्षेत प्रश्न येतात आणि आम्ही त्यांची उत्तरे लिहितो. पण वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी हा माणूस काय करीत होता, असे कोणी विचारले तर आमच्यापैकी किती जणांना सांगता येईल? तेव्हा मनोविश्लेषणाचा जन्मही झालेला नव्हता. खिशात पैसा नाही, लग्न लांबणीवर पडलेले, आणि जगात आपले नाव व्हावे ही ओढ मात्र जबरदस्त, असा तो एक तरुण डॉक्टर होता. त्या दिवसांत एका पांढऱ्या भुकटीने त्याला झपाटून टाकले होते. ती भुकटी म्हणजे कोकेन. एका थोर माणसाचे पाय मातीचे होते हे दाखवण्याची मला हौस नाही. उलट, १८८४ ते १८८७ या काळातला फ्रॉइडच मला अधिक जवळचा वाटतो, कारण त्याची घाई, त्याची स्वप्ने आणि त्याची घसरण आमच्या वयाला समजण्यासारखी आहे.

फ्रॉइडचा जन्म ६ मे १८५६ रोजी मोरावियातील फ्रायबर्ग या लहानशा गावी झाला. हे गाव आता झेक प्रजासत्ताकात आहे. वडील याकोब लोकरीचे व्यापारी; धंदा बेताचाच. मुलगा चार वर्षांचा असताना कुटुंब व्हिएन्नाला आले आणि तेथेच स्थिरावले. १८७३ मध्ये फ्रॉइडने विद्यापीठात वैद्यकासाठी नाव घातले, पण रोगी तपासण्यात त्याचे मन रमेना. ब्र्यूके या नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत तो सहा वर्षे सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसला आणि माशांच्या व कवचधारी जलचरांच्या मज्जापेशी न्याहाळीत राहिला. या नादात पदवी मिळायला १८८१ साल उजाडले.

पुढच्याच वर्षी मार्था बर्नाइस ही तरुणी त्याच्या आयुष्यात आली आणि दोन महिन्यांत दोघांचा वाङ्निश्चय झाला. लग्न करायचे तर संसार चालण्याइतकी मिळकत हवी, आणि प्रयोगशाळेत तिची आशा नव्हती. खुद्द ब्र्यूकेनेच त्याला ही जाणीव करून दिली. फ्रॉइडने मग व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात उमेदवारी पत्करली. १८८३ मध्ये मार्था आईबरोबर हॅम्बुर्गजवळच्या वान्ट्सबेक येथे राहायला गेली. आता भेट म्हणजे पत्रांतूनच. एखादा मोठा शोध हाती लागला तर कीर्ती येईल, कीर्तीमागून रोगी येतील आणि रोग्यांमागून लग्नाचा मुहूर्त येईल, असा त्याचा सरळ हिशेब होता.

या काळात फ्रॉइडला एका मित्राविषयी विलक्षण आदर होता. अर्न्स्ट फॉन फ्लाइश्ल-मार्क्सोव हे त्याचे नाव. ब्र्यूकेचा हा साहाय्यक फ्रॉइडहून दहा वर्षांनी मोठा, देखणा, श्रीमंत आणि अत्यंत बुद्धिमान होता. प्राण्यांच्या मेंदूत उठणारे विद्युत्प्रवाह टिपणाऱ्या पहिल्या काही संशोधकांत त्याची गणना होते. पण पंचविसाव्या वर्षी शवविच्छेदन करताना त्याच्या उजव्या अंगठ्याला जंतुसंसर्ग झाला आणि अंगठा कापावा लागला. कापलेल्या जागी मज्जातंतूंच्या गाठी वाढू लागल्या. पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या, तरी वेदना थांबेनात. त्या सोसवेनात म्हणून त्याने मॉर्फिन जवळ केले आणि अखेरीस मॉर्फिनने त्यालाच जखडून टाकले. असा माणूस डोळ्यांदेखत खचत चाललेला पाहून फ्रॉइड अस्वस्थ होत असे.

त्याच सुमारास त्याच्या वाचनात एक वृत्तांत आला. आशेनब्रांट नावाच्या लष्करी डॉक्टरने १८८३ मध्ये बव्हेरियाच्या सैनिकांना कोकेन देऊन पाहिले होते, आणि थकलेले सैनिक ताजेतवाने झाल्याचे नोंदवले होते. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातले लोक कोकाची पाने शतकानुशतके चघळत आले आहेत. या पानांतील मुख्य द्रव्य वेगळे काढून त्याला कोकेन हे नाव दिले ते गटिंगेन येथील आल्बर्ट नीमान याने, १८६० च्या सुमारास. पण पुढची वीस-बावीस वर्षे युरोपातील डॉक्टरांनी त्याची फारशी दखल घेतली नव्हती. क्षेत्र मोकळे होते! एप्रिल १८८४ मध्ये फ्रॉइडने डार्मस्टाट येथील मर्क कंपनीकडून थोडे कोकेन मागवले. किंमत त्याच्या खिशाला न परवडणारी होती, तरी मागवले. ग्रॅमचा विसावा हिस्सा पाण्यात घालून तो स्वतःच प्याला.

मनावरचे मळभ दूर झाले, भूक मावळली, अंगात कामाचा उत्साह आला. दारूच्या धुंदीसारखे काही वाटले नाही. आपण आहोत तसेच आहोत, फक्त अधिक निरोगी आहोत, असे वाटले. फ्रॉइडला वरचेवर खिन्नतेचे झटके येत असत. त्याला हे औषध म्हणजे वरदानच वाटले असल्यास नवल नाही. त्याने ते मित्रांना दिले, रोग्यांना दिले, मार्थालाही थोडेसे पाठवून दिले. मे महिन्यात फ्लाइश्लला दिले. कोकेनच्या साह्याने त्याचे मॉर्फिन सुटेल, अशी त्याची खात्री होती. पहिल्या दिवसांत तसे घडतानाही दिसले. जुलै १८८४ मध्ये फ्रॉइडचा कोकावरील प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. थकवा, अपचन, खिन्नता, दारूचे आणि मॉर्फिनचे व्यसन अशा अनेक तक्रारींवर त्यात कोकेनची शिफारस होती. या औषधाची चटक लागत नाही, असेही त्याने नि:शंकपणे सांगून टाकले. निबंधाच्या शेवटी, कोकेनने त्वचा आणि श्लेष्मल पडदा बधिर होतो, तेव्हा या गुणाचाही उपयोग होऊ शकेल, अशा अर्थाच्या दोन ओळी होत्या. तेवढे लिहून तो वर्षभर न भेटलेल्या मार्थाला भेटायला वान्ट्सबेकला निघून गेला.

आणि नेमक्या त्या दोन ओळींतच कीर्ती दडलेली होती! रुग्णालयातील त्याचा तरुण सहकारी कार्ल कोलर याने कोकेनचे थेंब प्रथम बेडकाच्या डोळ्यात आणि मग स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिले. डोळा बधिर झाला, टाचणीच्या डोक्याने बुबुळाला स्पर्श केला तरी कळेना. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या सभेत हा शोध जाहीर झाला. कोलरजवळ प्रवासाचे पैसे नव्हते, म्हणून त्याचा निबंध दुसऱ्यानेच वाचून दाखवला. रोगी शुद्धीवर असताना वेदनेविना डोळ्याची शस्त्रक्रिया करण्याचा मार्ग त्या दिवशी खुला झाला. पुढच्या वर्षी फ्रॉइडच्या वृद्ध वडिलांच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा बधिर करण्याचे काम कोलरने केले आणि फ्रॉइड शेजारी उभा होता. त्या घटकेला त्याच्या मनात काय चालले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

कोकेनचे हे दोन गुण अगदी निराळे आहेत. मज्जातंतूतून संदेश जातो तो सोडियमचे कण पेशीत शिरतात म्हणून. कोकेन त्यांची वाट अडवते आणि तेवढा भाग बधिर होतो. कोलरने पकडला तो हा गुण. डोळ्यापुरता, मोजता येणारा, दुसऱ्या कोणालाही पडताळून पाहता येणारा. दुसरा गुण मेंदूतला. एक मज्जापेशी दुसरीला संदेश देताना डोपामीन, नॉरअॅड्रेनलिन अशी द्रव्ये सोडते आणि काम झाले की ती परत शोषून घेते. कोकेन हे परत शोषणे रोखते. संदेश संपत नाही, द्रव्य साचत राहते आणि माणसाला तरतरी, आनंद, आत्मविश्वास यांचा भास होतो. या अवस्थेत शरीराला नवी शक्ती मिळालेली नसते. भूक, झोप आणि थकवा यांच्या सूचना तेवढ्या दबलेल्या असतात. असर उतरला की मन आधीपेक्षाही खाली जाते आणि पुन्हा तीच मात्रा मागू लागते. डोपामीनचे हे कार्य १९५० नंतर कळू लागले. फ्रॉइडला ते माहीत असणे शक्यच नव्हते. तरी त्याची शास्त्रीय दृष्टी कौतुकास्पद होती. मुठीचा दाब मोजणारे यंत्र घेऊन त्याने स्वतःवर प्रयोग केले आणि कोकेनचा परिणाम थेट स्नायूंवर होत नसून, मनाच्या एकंदर अवस्थेमार्फत होतो, असा निष्कर्ष १८८५ च्या आरंभी मांडला. निष्कर्ष बरोबर होता. पण मनाची अवस्था बदलणारे औषध त्याच मनाकडून स्वतःविषयी अनुकूल साक्ष वदवून घेईल, ही शंका त्याला शिवली नाही.

इकडे फ्लाइश्लचे मॉर्फिन सुटले नाहीच, वर कोकेनचे व्यसन जडले. मात्रा वाढत वाढत दिवसाला एक ग्रॅमपर्यंत गेली. फ्रॉइड कित्येक रात्री त्याच्या उशाशी जागून काढी. कातडीवरून किडे आणि पांढरे साप सरपटत आहेत, असे त्या विद्वान माणसाला वाटू लागले. हा केवळ वेडाचा झटका नव्हता. कोकेनच्या अतिसेवनाने मज्जासंस्थेत होणारा हा बिघाड आता डॉक्टरांच्या चांगला परिचयाचा आहे. असे सहा-सात वर्षे हाल सोसून २२ ऑक्टोबर १८९१ रोजी फ्लाइश्ल मरण पावला. वय अवघे पंचेचाळीस.

दरम्यान युरोपभरातून कोकेनच्या व्यसनाच्या बातम्या येऊ लागल्या होत्या. एर्लेनमायर या जर्मन डॉक्टरने तर दारू आणि मॉर्फिन यांच्यापाठोपाठ मानवजातीवर कोसळलेले हे तिसरे अरिष्ट होय, असे बजावले. फ्रॉइडने १८८७ मध्ये उत्तर दिले. जे आधीच मॉर्फिनच्या आहारी गेलेले असतात त्यांनाच कोकेनची चटक लागते आणि दोष सुईने टोचून घेण्याच्या पद्धतीचा आहे, असा त्याचा बचाव होता. पण दोनच वर्षांपूर्वी व्हिएन्नातील एका व्याख्यानात त्यानेच सुईने कोकेन देण्यास हरकत नाही असे सांगितले होते! एवढा प्रामाणिक संशोधक, पण येथे त्याच्या लेखणीने त्याची साथ सोडली. यानंतर कोकेनवर त्याने स्वतंत्र असे काही प्रसिद्ध केले नाही.

पुढचे आयुष्य सर्वांच्या परिचयाचे आहे. पॅरिसला शार्कोपाशी शिक्षण, १८८६ मध्ये मार्थाशी विवाह, आणि व्हिएन्नात मज्जाविकारांचा व्यवसाय. नाकाच्या तक्रारीसाठी तो १८९० नंतरही काही वर्षे अधूनमधून कोकेन वापरीत होता. जुलै १८९५ मध्ये त्याला एक स्वप्न पडले. एका रुग्ण स्त्रीला चुकीचे इंजेक्शन दिले गेले आहे आणि दोष कोणाचा याची डॉक्टरांत चर्चा चालली आहे, असे ते स्वप्न. १९०० साल छापलेल्या स्वप्नांवरील ग्रंथात त्याने याच स्वप्नाची सविस्तर फोड केली आणि तेथे कोकेनचा व दिवंगत मित्राचा उल्लेख आला. माणूस स्वतःपासून काय लपवतो, याचा शोध घेणाऱ्या शास्त्राचे पहिले मोठे उदाहरण अशा अपराधी भावनेतून यावे, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. अर्थात हे माझे मत आहे. जाणकारांनी ते पारखून घ्यावे.

एक उत्तेजक मात्र त्याला जन्मभर सोडता आले नाही, ते म्हणजे तंबाखू. सिगारशिवाय लिहिणे सुचत नाही, अशी त्याची अवस्था होती. १९२३ मध्ये तोंडात कर्करोग निघाला, तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, टाळूच्या जागी कृत्रिम टाळू बसवावी लागली. सिगार सुटला नाही. १९३८ मध्ये नाझींमुळे त्याला व्हिएन्ना सोडून लंडन गाठावे लागले. बुद्धी मंद होऊ नये म्हणून गुंगी आणणारी औषधे तो अगदी शेवटपर्यंत नाकारीत होता. २३ सप्टेंबर १९३९ रोजी त्याचे निधन झाले, तेव्हा त्याच्याच इच्छेने डॉक्टरांनी दिलेले मॉर्फिन त्याच्या शरीरात होते. मित्राला ज्या मॉर्फिनपासून सोडवायला तो निघाला होता, त्यानेच अखेर त्याची वेदना शमवली.

ज्या १८८७ साली फ्रॉइडने कोकेनवरील आपला शेवटचा लेख लिहिला, त्याच वर्षी बर्लिनमध्ये अॅम्फेटामीन प्रथम तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात याच जातीच्या गोळ्या सैनिकांना जागे ठेवण्यासाठी वाटल्या गेल्या, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागण्यासाठी अशा गोळ्यांचा मोह विद्यार्थ्यांनाही जगभर पडत आला आहे. चहाच्या पेल्यातील कॅफिन याच कुळातले, फार सौम्य असे भावंड. ते मेंदूला थकव्याची खबर उशिरा पोहोचू देते, एवढेच. पण खबर दाबल्याने थकवा जात नाही; ते एक कर्ज असते आणि व्याजासह फेडावे लागते. फ्रॉइडसारख्या तल्लख माणसाला हा हिशेब १८८४ मध्ये उमगला नाही, आणि त्याची किंमत त्याच्या सर्वांत लाडक्या मित्राने मोजली. आपल्याला तो हिशेब आयता लिहून मिळालेला आहे. तो वाचूनही जो त्याच दुकानी उधारीला जाईल, त्याला अज्ञानाची सबब तरी कशी सांगता येईल?