प्राणांचा धनी : श्रीत्यागराजस्वामी

तंजावरजवळ कावेरीतीरी तिरुवैयारू हे पुण्यक्षेत्र आहे. इ. स. १७६७ मध्ये तिरुवारूर येथे जन्मलेल्या श्रीत्यागराजस्वामींनी येथेच राहून श्रीरामाची उपासना केली. नामसंकीर्तन करीत धान्याची भिक्षा मागून ते संसार चालवीत. त्यांनी ९६ कोटी रामनामजप केला, अशी परंपरा आहे.

प्राण आणि अग्नी यांच्या संयोगातून नाद प्रकटतो, असे देवगिरीच्या शार्ङ्गदेवांनी तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' ग्रंथात सांगितले. तेच तत्त्व त्यागराजांनी 'मोक्षमु गलदा' या कृतीत भक्तीशी जोडले. श्वास भगवंताने दिला, म्हणून त्यातून उठणारा स्वरही त्याचाच, हे त्यांच्या जीवनाचे सूत्र दिसते.

या सूत्राची कसोटी लागली. परंपरा सांगते की, तंजावरच्या भोसले दरबारातून धनासह निमंत्रण आले. स्वामींनी ते नाकारले. संतप्त थोरल्या बंधूंनी पूजेच्या मूर्ती कावेरीत टाकल्या. स्वामी व्याकुळ होऊन त्या शोधीत राहिले, पण राजद्वारी गेले नाहीत. अखेर मूर्ती सापडल्या.

अंतकाळी संन्यास घेऊन पौष वद्य पंचमीस, ६ जानेवारी १८४७ रोजी, ते रामरूपी लीन झाले. गृहस्थाचा श्वासही अहोरात्र चालतच असतो. तो नामाशी जोडणे एवढेच त्याच्या हाती आहे.