राजा दीनदयाळ : नकाशाच्या टेबलापासून कॅमेऱ्यापर्यंत



मुलगा फोटोग्राफर होईन म्हणतो, असे घरात ऐकू आले की आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. लग्नसराईचे चार महिने सोडले तर बाकीचे वर्ष तो कशावर काढणार, ही काळजी खोटी नाही. उलट मुलालाही वाटते की चांगला कॅमेरा हाती आला म्हणजे झाले, बाकी हुन्नर आपोआप येईल. दोघांनीही ऐकावे असे एक चरित्र आहे. हिंदुस्थानातील पहिल्या मोठ्या फोटोग्राफरांमध्ये ज्यांचे नाव घेतले जाते, त्या राजा दीनदयाळ यांचे.

त्यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना या गावी, एका जैन जवाहिऱ्याच्या घरात झाला. हिरे-माणके पारखणाऱ्या घरातील मुलाने दुकानात बसायचे, ही त्या काळची रीत. दीनदयाळ मात्र रुडकीच्या थॉमसन कॉलेजात गेले. गंगेच्या कालव्याच्या कामासाठी इंजिनियर आणि ओव्हरसियर हवेत म्हणून हे कॉलेज निघाले होते. तेथील शिक्षण पुरे करून १८६६ मध्ये ते इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात मुख्य एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून लागले. पगार ठरलेला, कचेरी ठरलेली, काम नकाशे काढण्याचे आणि खर्चाचा अंदाज मांडण्याचे. आजच्या भाषेत सांगायचे तर मुलगा मार्गी लागला होता.

कॅमेरा त्यांच्या हाती आला तो १८७४ च्या सुमारास. म्हणजे वय तीस. हा आकडा विद्यार्थ्यांनी जरा लक्षात ठेवावा, कारण विसाव्या वर्षी आपण मागे पडलो असे समजणारी मुले हल्ली फार भेटतात.

त्या काळी फोटो काढणे म्हणजे काय होते, हे समजल्याशिवाय या माणसाची मेहनत कळणार नाही. फिल्म नव्हती. स्वच्छ घासलेल्या काचेवर कोलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतायचे. काच चारी बाजूंनी कलंडवून ते सगळीकडे सारखे पसरवायचे आणि जास्तीचे कोपऱ्यातून परत बाटलीत घ्यायचे. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात काही मिनिटे बुडवायची. ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालायची, भिंगावरची टोपी काढून मनात सेकंद मोजायचे, टोपी लावायची आणि काच वाळण्याच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. कोलोडियनमध्ये ईथर असते आणि ते भराभर उडून जाते. विलायतेच्या थंडीत जी काच दहा-पंधरा मिनिटे दम धरी, ती माळव्याच्या उन्हात त्याच्या किती आधी वाळत असेल, याचा विचार करा. त्यातच धुळीचा एखादा कण काचेवर बसला की फोटोत डाग उमटे. सिल्व्हर नायट्रेटने बोटे काळी होत आणि ते काळे साबणानेही जात नसे.

शिवाय फोटो मोठा करून घेण्याची सोय सर्रास नव्हती. काचेखाली कागद दाबून उन्हात धरायचा आणि छाप घ्यायचा. जेवढी काच तेवढाच फोटो. मोठा फोटो हवा असेल तर मोठी काच, मोठी काच म्हणजे मोठा कॅमेरा, आणि मोठा कॅमेरा म्हणजे बैलगाडी आणि हमाल.

आणखी एक अडचण होती, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. माणसाच्या डोळ्याला दिसते तसे त्या काचेला दिसत नसे. निळा रंग तिला पांढऱ्यासारखा भासे, तर लाल आणि पिवळा जवळजवळ काळा. म्हणून त्या काळच्या फोटोंत आकाश कोरे दिसते आणि तांबडे पागोटे काळे. फोटोग्राफरला समोरचे दृश्य आपल्या डोळ्यांनी पाहून भागत नसे, काचेच्या डोळ्यांनी पाहायला शिकावे लागे. ही तालीम पुस्तकातून होत नाही. काच बिघडवावी लागते, का बिघडली ते शोधावे लागते आणि पुन्हा दुसरी काच घ्यावी लागते.

दीनदयाळांनी हे सर्व नोकरी सांभाळून केले. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांच्या कामाची कदर केली आणि सर हेन्री डेली या इंग्रज अधिकाऱ्यापर्यंत त्यांचे नाव पोहोचवले. हे डेली गव्हर्नर जनरलचे मध्य हिंदुस्थानातील एजंट होते, आणि इंदूरचे डेली कॉलेज त्यांच्याच नावाचे. पुढे १८७५-७६ मध्ये इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा त्या दौऱ्याचे फोटो घेण्याची संधी दीनदयाळांना मिळाली. हाती कॅमेरा घेऊन तेव्हा दोन वर्षे झाली असतील नसतील. नशीब म्हणावे तर म्हणा. पण दौऱ्यावर आलेला पाहुणा काच बिघडली म्हणून पुन्हा उभा राहत नाही, हेही ध्यानात घ्या.

माझ्या मते त्यांना खरी मदत झाली ती नकाशाच्या टेबलाची. ज्यांनी उंच इमारतीचा फोटो काढून पाहिला आहे त्यांना माहीत असेल की कॅमेरा वर तोंड करून धरला तर इमारत मागे कलल्यासारखी दिसते, भिंती वर जाऊन एकमेकींजवळ येतात. यावर उपाय असा, की कॅमेऱ्याची मागची काच ओळंब्यात सरळ ठेवायची आणि पुढचे भिंग तेवढे वर सरकवायचे. जुन्या लाकडी कॅमेऱ्यांत ही सोय असे. पण मुळात भिंत कललेली दिसते आहे, हे खटकणारा डोळा हवा. ज्याने वर्षानुवर्षे इमारतींचे उभे छेद आणि दर्शनी नकाशे काढले, त्याला ते कसे खटकणार नाही? दीनदयाळांच्या फोटोंतील खांब ताठ उभे असतात. कमानीचा मध्य जिथे पाहिजे तिथे असतो. अंगावर येणारी तिरपी उन्हे निवडून त्यांनी दगडावरची नक्षी उठवली. आणि एस्टिमेटरचा हिशेबीपणा? काचा किती, रसायने किती, पाणी कोठून आणायचे, मुक्काम किती दिवसांचा, हा हिशेब चुकला तर जंगलातल्या देवळापाशी रिकाम्या हातांनी उभे राहावे लागते.

डेलींच्या जागी आलेले सर लेपेल ग्रिफिन यांनी १८८० नंतरच्या काही वर्षांत त्यांना बुंदेलखंड आणि ग्वाल्हेरकडच्या दौऱ्यांत बरोबर नेले. या कामातून मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध वास्तूंचा मोठा ग्रंथ १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. एव्हाना कारखान्यात तयार झालेल्या कोरड्या काचा बाजारात येऊ लागल्या होत्या. त्यामुळे तंबूची धावपळ कमी झाली, आणि ज्यांचा पाया ओल्या काचेवर पक्का झाला होता ते अधिकच पुढे गेले.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येतो. दीनदयाळांनी नोकरी कधी सोडली? फोटोचा नाद लागला त्या वर्षी नव्हे. साधारण दहा-बारा वर्षे त्यांनी दोन्ही केले. कामाला मागणी वाढली तेव्हा आधी दोन वर्षांची रजा घेतली, आणि मग पेन्शन घेऊन मोकळे झाले. १८८५ साली व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी त्यांना आपले फोटोग्राफर नेमले होते. कौशल्य पक्के, गिऱ्हाईक पक्के, मग नोकरीचा राजीनामा, असा हा क्रम आहे. मला तो धाडसापेक्षा मोठा वाटतो.

त्यानंतर त्यांचा मुक्काम हैदराबादकडे वळला. सिकंदराबादेत १८८६ मध्ये स्टुडिओ निघाला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी फोटोग्राफर केले आणि १८९४ मध्ये राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा, आणि जंग ही दरबारी सरदारांची पदवी. उत्तर हिंदुस्थानातल्या एका जैन ड्राफ्ट्समनला दख्खनच्या मुस्लिम दरबाराने त्याच्या कसबासाठी सरदारांच्या रांगेत बसवले. महाल, शिकारी, मेजवान्या, फौजेच्या कवायती हे सारे त्यांच्या काचांवर आले. निजामाच्या राज्यात तेव्हा आपला मराठवाडाही होता. त्यामुळे वेरूळची लेणी आणि दौलताबादचा किल्ला त्यांच्या कॅमेऱ्यासमोर आला, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील हाडे उरलेली माणसेही आली. दरबारच्या झुंबरांचे फोटो आणि ही माणसे एकाच फोटोग्राफरची आहेत, यावर पाहणाऱ्याचा चटकन विश्वास बसत नाही.

हैदराबादेतील आणखी एका कामाचा उल्लेख भगिनींसाठी मुद्दाम करतो. पडदा पाळणाऱ्या घरांतील स्त्रिया परपुरुषासमोर बसून फोटो काढून घेत नसत. दीनदयाळांनी त्यांना नावे ठेवली नाहीत आणि हे गिऱ्हाईक आपले नव्हे म्हणून सोडूनही दिले नाही. १८९२ मध्ये त्यांनी उंच भिंतींचा स्वतंत्र जनाना स्टुडिओ उघडला आणि तो मिसेस केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंच्या हवाली केला. आत स्त्रिया, कॅमेऱ्यामागेही स्त्री. आजही आपल्या समारंभांत बायकांच्या बाजूला फोटो काढणारी मुलगी शोधताना किती फिरावे लागते ते आपण जाणता. तो व्यवसाय हैदराबादेत १८९२ साली सुरू झाला होता.

मुंबईत १८९६ मध्ये त्यांचा स्टुडिओ निघाला. ज्ञानचंद आणि धरमचंद हे दोघे मुलगे या धंद्यात तयार झाले. राणी व्हिक्टोरियाची शाही सनदही मिळाली होती. परंतु शेवटची वर्षे सुखाची गेली नाहीत. १९०४ मध्ये धरमचंद वारले आणि पुढच्याच वर्षी, जुलै १९०५ मध्ये, दीनदयाळही गेले. निजाम महबूब अली खान १९११ मध्ये निवर्तले. १८८८ पासून कोडॅकचे लहान कॅमेरे विक्रीला आले होते आणि हौशी माणूस आपला फोटो आपणच काढू लागला होता. ज्या धंद्याचा मोठा आधार राजे-रजवाडे आणि साहेब लोक, त्याला हे दिवस जड जाणारच. पूर्वीचे वैभव त्या कंपनीला पुन्हा आले नाही. चरित्रकार ही बाजू घाईघाईने उरकतात. धंद्यात पडू पाहणाऱ्याने मात्र तीही वाचावी.

काचा मात्र टिकल्या. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये त्यांच्या अडीच हजारांहून अधिक निगेटिव्ह काचा मिळवल्या, आणि २००६ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. त्यांच्या जुन्या छापांवर खालच्या बाजूला बारीक पांढरा आकडा आणि जागेचे नाव दिसते. निगेटिव्हवर काळ्या शाईने लिहिले की ते छापावर पांढरे उमटते. मसाल्याच्या बाजूने लिहायचे तर अक्षरे आरशातल्यासारखी उलटी काढावी लागतात. हजारो काचा, आणि प्रत्येकीवर नंबर. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या फोनमध्ये आज किती फोटो आहेत आणि त्यांतला एखादा मागितला तर किती वेळात सापडेल, ते घरी गेल्यावर पाहा.