गोदाकाठची विद्यार्थिनी



आपल्या ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी नाशिक शहरात शिरण्याआधी जलालपूर या खेड्याजवळून जाते. त्या जलालपुरात १८६८ साली गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. तिचे माहेरचे नाव मनकर्णिका. पुढे साऱ्या महाराष्ट्राने तिला लक्ष्मीबाई टिळक म्हणून ओळखले. टिळक पतिपत्नी आपल्या कॅथलिक पंथातले नव्हते, ते अमेरिकन मराठी मिशनशी जोडलेले होते. पण रेव्हरंड टिळकांची गीते आपण मिस्सेत गातोच, तेव्हा त्यांना परके कसे मानावे?

मनूच्या आजोबांना १८५७ च्या बंडात फाशी झाली. त्या धक्क्यानंतर तिच्या वडिलांना सोवळ्याचे जणू वेडच लागले. बाजारातून आलेले मीठसुद्धा पाण्याने शुद्ध केल्याशिवाय चालत नसे. अशा घरात मुलीने शाळेत जाण्याचा प्रश्नच नव्हता. अकराव्या वर्षी तिचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी आणि विद्वान, पण तापट. त्यांनी पत्नीला अक्षरओळख करून द्यायचे मनावर घेतले, मात्र गुरुजींचा पारा चढला की धडा तिथेच संपे. तरीही लक्ष्मीबाई वाचायला शिकल्या. शुद्धलेखन मात्र त्यांच्यावर शेवटपर्यंत रुसलेलेच राहिले.

वाचनासाठी नावे द्या म्हटले, की आपल्या धर्मग्रामातील काही माउल्या आता या वयात जमायचे नाही म्हणून मागे सरतात. हे आम्ही मुख्यतः त्यांच्यासाठी लिहीत आहोत.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही पत्नीला न सांगता. ही गोष्ट गोड करून सांगावी असे आम्हाला वाटत नाही. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाईंना नातलगांच्या आधाराने दिवस काढावे लागले. काही काळ त्या पंढरपुरात होत्या. लोकांचे बोलणे आणि मनाचा दाह त्यांनी सोसला. काही वर्षांनी त्या नगरला पतीकडे आल्या, तेव्हाही त्यांची चूल आणि पाणी वेगळे होते. टिळकांनी बळजबरी केली नाही, हे त्यांचे मोठेपण.

इथे खरा अभ्यास सुरू झाला. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा त्या स्वतःशीच विचार करत राहिल्या. तो माणसाने केला आहे असे मनाला पटले, तेव्हा त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायला सुरुवात केली. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ज्ञानाविषयी बरेच ग्रंथ चाळले. लहानपणी पक्के झालेले पुसून टाकणे नवे शिकण्याहून किती कठीण असते, हे मात्र लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातच अधिक स्पष्ट दिसते. ज्या घरात मीठ धुतले जाई, त्या घरची ही लेक! १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा आणि अनाथ मुलांचा सांभाळ हेही त्या करून करूनच शिकल्या.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. प्रभू येशूच्या जीवनावरचे त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ चे. तीनशे वर्षांनी त्याच वाटेने निघालेले हे काम पुढे कोण नेणार? पन्नाशी ओलांडलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या विधवेने ते हाती घेतले आणि चौसष्ट अध्याय रचले. त्याच काळात पोटापाण्यासाठी मुंबईतल्या मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहिली आणि काही दिवस कराचीतही संसार मांडला.

दत्तूला, म्हणजे देवदत्तांना, वडिलांचे चरित्र लिहायचे होते. आईने आठवणी लिहून द्याव्यात असा त्यांनी आग्रह धरला. त्यातून ‘स्मृतिचित्रे’ उभी राहिली. पहिला भाग १९३४ साली आला, तेव्हा लक्ष्मीबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. स्वतःच्या फजितीवर इतके मोकळेपणाने हसणारे दुसरे मराठी पुस्तक आम्हाला तरी ठाऊक नाही.

चौथा भाग लिहून व्हायचा होता. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, आणि त्या भागातली हकीकत कराचीतच थांबली. तो तसाच अपुरा छापला गेला.