वडूजची विहीर आणि बिरबल साहनी

मी वडूजचा. आमच्याकडे विहीर खणायची म्हणजे आधी मुरूम, मग काळा पाषाण, आणि पाणी लागलं तर नशीब. लहानपणी विहिरीच्या ढिगाऱ्यात मी जीवाश्म शोधायचो. सापडायच्या नुसत्या गारगोट्या. लाव्हारसात झाडपाला टिकत नाही, हे कळायला फर्स्ट इयर उजाडलं! पण लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधीकधी मातीचा थर असतो आणि त्यात दगड झालेली झाडं मिळतात. छिंदवाड्याकडच्या अशा थरांवर ज्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, ते बिरबल साहनी.

जन्म पंजाबातल्या भेरा गावचा, 14 नोव्हेंबर 1891. लाहोरला शिकून 1911 साली ते केंब्रिजला गेले. तिथे गुरू मिळाले सेवर्ड.

त्याच काळातली गोष्ट. फेब्रुवारी 1912. दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉटच्या तुकडीने बीअर्डमोर हिमनदीजवळ दगड गोळा केले. पुढे वाटेत दोघे गेले, उरलेले तिघे तंबूत गोठून मेले. स्लेज स्वतः ओढत होते बिचारे, तरी ते सोळा किलो दगड त्यांनी टाकले नाहीत. नोव्हेंबरात शोधपथकाला तंबूपाशी दगड मिळाले. त्यातली पानं सेवर्डनी 1914 मध्ये ओळखली : ग्लॉसोप्टेरिस. आपल्या चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातलंच झाड!

म्हणजे आज जिथे नुसता बर्फ, तिथे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी जंगल होतं. गंमत म्हणजे तो भाग तेव्हाही ध्रुवाजवळच होता. महिनोन्‌महिने रात्र. झाडं पानं गाळून हिवाळा काढायची. उन्हाळ्यातली वाढ खोडाच्या वर्तुळांत अजून मोजता येते. तिथे तेव्हा झाडं वाढण्याइतकी ऊब होती, हे त्या वर्तुळांवरून कळतं.

भारतातल्या अशाच जुन्या वनस्पती साहनी आणि सेवर्ड यांनी पुन्हा तपासून 1920 मध्ये प्रसिद्ध केल्या. 1921 पासून साहनी लखनौला प्राध्यापक. 1936 मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. दगडातल्या झाडांसाठी स्वतंत्र संस्था हवी, हा त्यांचा ध्यास. 3 एप्रिल 1949 ला नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली. तिच्यात जीवाश्मच जडवले होते. आठवडाभरात, 10 एप्रिलला साहनी गेले. वय 57. पत्नी सावित्री साहनींनी काम रेटलं, 1953 मध्ये इमारत सुरू झाली.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा दोर धरून विहिरीत उतरलो. काळ्या दगडांच्या मध्ये वीतभर तांबडा पट्टा आहे. दोन लाव्हांमधली माती! तासभर खरवडलं. पान काही मिळालं नाही. मे महिन्यात पाणी खाली गेलं की पुन्हा उतरणार आहे.