खालच्या जबड्याचं हाड एक की दोन? १३०० वर्षांची चूक पकडणारा वेसेलियस

एक काम करा. एका कानाखालून बोट फिरवत हनुवटीवरून दुसऱ्या कानापर्यंत न्या. मध्ये कुठे सांधा लागला? नाही ना. मोठ्या माणसाचा खालचा जबडा म्हणजे एकच अखंड हाड.

पण युरोपातले डॉक्टर जवळपास १३०० वर्षं हे हाड दोन तुकड्यांचं असतं असंच शिकत होते. कारण गेलन तसं लिहून गेला होता.

गेलन हा दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात होऊन गेलेला नामांकित वैद्य. माणसाचं प्रेत फाडायची तेव्हा सोय नव्हती, म्हणून त्यानं माकडं, डुकरं, बैल फाडून पाहिले. कुत्र्याच्या किंवा गाईच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशी जुळलेले असतात. तेच माणसाच्या नावावर खपलं.

ही चूक पकडली आंद्रेयास वेसेलियसनं. जन्म १५१४, ब्रसेल्स. वडील सम्राटाच्या पदरी औषधं बनवायचे. पोरगं मात्र हाडांच्या नादी लागलेलं. लुव्हेन गावाबाहेर फाशी दिलेल्या एका माणसाचा सांगाडा लटकत होता. पठ्ठ्यानं तो चोरून घरी आणला, जोडला आणि पॅरिसहून आणलाय म्हणून सांगितलं.

१५३७ मध्ये इटलीतल्या पादुआत तो शिकवायला लागला, तेव्हा वय जेमतेम २२. तोवर पद्धत अशी होती की प्रोफेसर उंच खुर्चीत बसून पुस्तक वाचणार आणि खाली न्हावी प्रेत कापणार. वेसेलियसनं सुरी स्वतःच्या हातात घेतली.

आता मेंदूची गोष्ट. गेलनच्या मते मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक अद्भुत जाळं असतं. मेंढी, बैल यांच्यात ते खरंच असतं. माणसात नसतं. गंमत म्हणजे सुरुवातीला वेसेलियसही माणसाच्या डोक्याशेजारी जनावराचं डोकं ठेवून विद्यार्थ्यांना हे जाळं दाखवायचा! पुढे आपल्याच पुस्तकात त्यानं ही कबुली दिली. एवढा प्रामाणिकपणा आजही दुर्मीळच.

ते पुस्तक म्हणजे १५४३ मध्ये बासलला छापलेलं मानवी शरीररचनेवरचं ‘फाब्रिका’. वय २८. पॅरिसमधले त्याचे गुरू सिल्व्हियस इतके भडकले की त्यांनी शिष्याला वेडा ठरवलं. गेलन चुकलेला नाही, त्याच्यानंतर माणसाचं शरीरच बदललं, असा त्यांचा दावा होता.

पुढे वेसेलियस राजवैद्य झाला. १५५९ मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याला खेळातल्या झुंजीत भाल्याची ढलपी डोळ्यापाशी घुसली. वेसेलियसला ब्रसेल्सहून बोलावलं गेलं. राजा वाचला नाही. जखम होती समोर, पण डोकं उघडल्यावर मेंदूचा बिघाड सापडला मागच्या बाजूला. डोक्याला मार एकीकडे बसतो आणि इजा दुसरीकडे होते, हे आजच्या डॉक्टरांना चांगलं माहीत आहे.

१५६४ मध्ये जेरुसलेमहून परतताना ग्रीसच्या झाकिंथोस बेटावर वेसेलियस गेला. वय ४९. त्याची कबर सापडलेली नाही. बासलमध्ये त्यानं १५४३ साली एका गुन्हेगाराची हाडं जोडून उभा केलेला सांगाडा मात्र तिथल्या म्युझियममध्ये अजून आहे.