बूमरँगवाले वॉकर साहेब



डीएसपी शिकताना 'युल-वॉकर समीकरणं' भेटतात. परीक्षेपुरती घोकायची आणि विसरायची, हा आपला रिवाज! पण त्यातले वॉकर हे आपल्या हवामान खात्याचे एकेकाळचे मुख्य अधिकारी होते. यंदाचा पाऊस कसा राहील हे आधी सांगायचं, हे वीस वर्षं त्यांचं काम. मला हा माणूस फार आवडला, म्हणून ही ओळख.

गिल्बर्ट वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ चा, इंग्लंडातल्या रॉचडेल गावचा. गणितात डोकं भन्नाट. केंब्रिजमध्ये १८८९ साली ते सीनिअर रँग्लर झाले. दहा वर्षांनी हाच मान आपल्या रँग्लर परांजप्यांना मिळाला. वॉकरना बूमरँग फेकायचा भारी नाद. ते परत का येतं याचं गणितही त्यांनी मांडलं, म्हणून मित्रांत त्यांचं नावच 'बूमरँग वॉकर' पडलं. बासरीची रचना, पक्ष्यांच्या घिरट्या, सगळ्यात रस! हवामानशास्त्र मात्र शिकलेले नव्हते. तरीही १९०४ साली भारतातल्या वेधशाळांचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. ऑफिस सिमल्याला.

काम सोपं नव्हतं. हिमालयातल्या बर्फावरून मान्सूनचा अंदाज द्यायला १८८६ पासून सुरुवात झाली होती. पण १८९९ ला अंदाज साफ चुकला आणि भयंकर दुष्काळ पडला. आपल्या वऱ्हाडातही माणसं आणि जनावरं उपाशी मेली. अंदाज चुकला की काय होतं, ते सगळ्यांच्या डोळ्यासमोर ताजं होतं.

वॉकर यांनी ठरवलं, आपले तर्क लढवायचे नाहीत, आकड्यांनाच विचारायचं. नाईलचा पूर, दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब, मॉरिशस, झांजिबार, हिमालयातला बर्फ, जगभरच्या नोंदी त्यांनी जमवल्या. कशाचा आपल्या पावसाशी किती संबंध, हे मोजायला कॉम्प्युटर कुठला? भारतीय कारकुनांची फौज हातानं गुणाकार-बेरजा करत बसायची. आपण एका कमांडवर काढतो तो सहसंबंध गुणांक काढायला तेव्हा दिवसच्या दिवस जायचे.

यातला धोका वॉकर यांनीच १९१४ साली दाखवून दिला. होस्टेलच्या शंभर पोट्ट्यांनी सहा-सहा वेळा नाणं उडवलं, तर एखाद्याला सहाही वेळा छापा येऊ शकतो. म्हणून काय तो जादूगार? तसंच शेकडो आकड्यांतून एखादा पावसाशी योगायोगानं जुळतोच. निवडून काढलेल्या संबंधाला म्हणूनच जास्त कडक कसोटी लावायची. आपल्याच पद्धतीवर असा संशय घ्यायला हिंमत लागते राजेहो!

माणसांची पारखही मोठी. १९१३ साली मद्रास पोर्ट ट्रस्टमधल्या रामानुजन नावाच्या कारकुनाचं गणित पाहून, त्याला शिष्यवृत्ती द्या अशी शिफारस मद्रास युनिव्हर्सिटीला करणारे हेच वॉकर.

त्यांच्याच काळात, १९१५ साली, टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याकडच्या तलावांत पावसाळ्यात साठेल त्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्यांना वर्षभर वीज पुरवायची! म्हणजे पावसाचा अंदाज आता फक्त शेतकऱ्याचा प्रश्न राहिला नाही. पुढे कोयनेचंही तेच. आणि कोळशाच्या केंद्रालाही पाणी लागतंच. २०१३ साली पाणी नाही म्हणून परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं. आपल्या नांदगाव पेठच्या वीज प्रकल्पाला पाणी अप्पर वर्धा धरणाचं, अमरावतीच्या नळालाही तेच, आणि शेतीलाही तेच.

इतक्या खटपटीनंतर वॉकरना पक्का अंदाज सापडला का? नाही. पण आकड्यांतून दुसरंच काही बाहेर आलं. पॅसिफिकवर दाब वाढला की हिंदी महासागरावर कमी होतो, आणि उलटही. जणू मोठा झोपाळाच! १९२४ साली त्यांनी याला 'सदर्न ऑसिलेशन' असं नाव दिलं. त्याच वर्षी ते इंग्लंडला परतले आणि १९३४ पर्यंत लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात प्राध्यापक होते. या झोपाळ्याचं एक टोक म्हणजे ऑस्ट्रेलियातलं डार्विन. तिथल्या दाबाच्या नोंदी तपासताना १९३१ साली त्यांनी जे गणित मांडलं, तेच आपल्या पुस्तकातलं समीकरण. ४ नोव्हेंबर १९५८ ला ते वारले. नंतर १९६९ साली बियर्कनेस यांनी हा झोपाळा एल निनोशी जोडला आणि पॅसिफिकवरच्या त्या वाऱ्यांच्या चक्राला 'वॉकर सर्क्युलेशन' म्हटलं.

तरी मान्सून हुलकावण्या देतोच. १९९७ ला जबरदस्त एल निनो असूनही पाऊस सरासरीएवढा झाला. २००२ ला सोळा घटकांच्या मॉडेलनं सर्वसाधारण पाऊस सांगितला, आणि पडला १९ टक्के कमी. आज हवामान खातं हंगामाचा अंदाज शक्यतेच्या टक्क्यांत देतं, आणि पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज दर गुरुवारी काढतं. ऑगस्टमध्ये पावसानं दडी मारली की शेतीपंपांचा लोड एकदम चढतो. ते दोन आठवडे आधी कळलं तर कोळसा, धरणातलं पाणी, बाहेरून घ्यायची वीज, सगळ्याची तजवीज करता येते.

म्हणून 'खात्याचा अंदाज चुकला' असं हसण्याआधी शक्यता किती टक्के सांगितली होती ते बघा. इलेक्ट्रिकलवाल्यांनो, फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधत असाल तर आपल्या जिल्ह्याचा पाऊस आणि एखाद्या फीडरचा लोड एकत्र मांडून पाहा. फक्त संबंध जुळला की लगेच टाळ्या पिटू नका. आधी वॉकर साहेबांची कसोटी लावा!