एका हातात पक्ष्याची अंडी, दुसऱ्या हातात रायफल, समोर नरभक्षक वाघीण : जिम कॉर्बेटच्या .२७५ रिग्बीची गोष्ट

नरभक्षक वाघ मारायचा म्हणजे मोठी, जाड गोळीची बंदूक लागणार असं आपल्याला वाटतं. पण जिम कॉर्बेटची सगळ्यात गाजलेली रायफल होती लहान बोअरची.

कॉर्बेटचा जन्म १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथं पोस्टमास्तर. ते लवकर गेले, घर मोठं. पोरगं कालाढुंगीच्या जंगलात वाढलं आणि पुढं बिहारमध्ये मोकामा घाटावर रेल्वेच्या मालाची चढउतार सांभाळू लागलं.

१९०७ साली त्याने चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते. जायच्या आधी त्याने अट घातली होती, बक्षीस रद्द करा आणि बाकीचे शिकारी माघारी बोलवा. वाघीण मेल्यावर कळलं की तिचे उजव्या बाजूचे सुळे जुन्या गोळीने तुटले होते. नेहमीची शिकार जमेना म्हणून ती माणसांकडे वळली होती. म्हणजे कुणाच्या तरी चुकलेल्या नेमाची किंमत शेकडो घरांनी मोजली.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युवेट यांनी त्याला एक रायफल भेट दिली, .२७५ रिग्बी.

आता .२७५ म्हणजे काय? गोळीची जाडी जेमतेम ७ मिलिमीटर. चंपावतला वापरलेल्या .५०० रायफलची गोळी साडेबारा मिलिमीटरच्या आसपास. लहान काडतुसाचा फायदा असा की रायफल हलकी, खांद्याला धक्का कमी आणि गोळी सरळ जाते. तोटा एकच, ती नेमकी जागी बसली पाहिजे. नाहीतर जनावर जखमी होऊन निसटतं आणि पुढचा नरभक्षक तयार होऊ शकतो.

१९२६ मध्ये याच रायफलने रुद्रप्रयागचा बिबट्या पडला. आठ वर्षांत त्याने १२५ माणसं मारली होती. कॉर्बेट आंब्याच्या झाडावर रात्रीमागून रात्री बसला होता. शेवटी टॉर्चच्या उजेडात मिळाली ती एकच गोळी.

१९३० मध्ये चौगडची वाघीण काही फुटांवर समोर आली, तेव्हा त्याच्या डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती. त्याने उजव्या हाताने रायफल तसूतसूने फिरवली आणि चाप ओढला. जड दुनळी असती तर हे जमणं अवघड होतं.

पुढं त्याने बंदुकीपेक्षा कॅमेरा जास्त हातात घेतला आणि वाघ वाचवा म्हणून सांगत फिरला. १९३६ मध्ये भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्यातही त्याचा हात होता. १९५५ साली केनियात तो वारला. दोनच वर्षांनी त्या उद्यानाला त्याचं नाव मिळालं.

ज्याने नरभक्षक संपवले, त्याच्याच नावाच्या जंगलात आज वाघ सुखाने राहतात.